जाहिरातीचें उत्पन्न आणि वाचकाचा विश्वास

वर्तमानपत्राचा अंक ज्या किंमतीस घरांत येतो, त्या किंमतींत त्याचा खर्च पुष्कळदां भरून निघत नाहीं. उरलेला भार जाहिरातदार उचलतो, हें सुशिक्षित घरांतून सर्वांस ठाऊक आहे. परंतु हातांतील मोबाइलवर जीं पानें फुकट उघडतात, पाककृतींचीं, पंचांगाचीं, परीक्षांच्या निकालांचीं, कापसाच्या भावाचीं, त्यांचा खर्च कोण चालवितो आणि चालविणाऱ्याच्या पदरांत त्यांतून काय पडतें, याची उकल मात्र फारशी झालेली आढळत नाहीं. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या गांवांतून पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांस 'संकेतस्थळ काढा आणि घरबसल्या कमवा' असें सांगणारे उपदेशक मोबाइलवर रोज भेटतात. त्यांच्या सांगण्यांत खरें किती आणि फुगवलेलें किती, हें शांतपणें पाहणें अगत्याचें आहे. कारण या धंद्यांत घालावयाचें भांडवल पैशाच्या रूपानें थोडें आणि उमेदीच्या वर्षांच्या रूपानें फार असतें.

जाहिरातीच्या जोरावर वाचन स्वस्त करण्याची युक्ति जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें आणि १८४० सालीं बंद पडलें. त्याचा मुख्य आधार वर्गणीदार. 'दर्पण' निघाल्यानंतरच्या वर्षीं, १८३३ च्या सप्टेंबरांत, न्यूयॉर्क शहरीं बेंजामिन डे नांवाच्या मुद्रकानें 'सन' हें दैनिक एका सेंटास विकावयास काढलें. त्या काळीं तेथील इतर दैनिकें सहा सेंटांस मिळत. डे याचा हिशेब असा, कीं अंक स्वस्त म्हणजे वाचक पुष्कळ, आणि वाचक पुष्कळ म्हणजे जाहिरातदार आपण होऊन दाराशीं. दिसावयास तो कागदावरील जागा विकत होता. वस्तुतः तो वाचकांची नजर विकत होता. आजच्या संकेतस्थळाचा सारा व्यवहार या एका गोष्टींत सांठलेला आहे.

यवतमाळ जिल्ह्यास हा प्रश्न अपरिचित नाहीं. वणी येथें जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनीं १९१८ सालीं यवतमाळहून 'लोकमत' हें पत्र सुरू केलें. तें राष्ट्रीय चळवळीचें पत्र. पैसा मिळविणें हा त्याचा हेतु नव्हता. पुढें तेंच नांव घेऊन जवाहरलाल दर्डा यांनीं यवतमाळांतच साप्ताहिक चालविलें आणि १५ डिसेंबर १९७१ रोजीं नागपुराहून त्याचें दैनिक निघूं लागलें. आज त्याच नांवाचें संकेतस्थळ मराठी वाचक मोबाइलवर विनामूल्य वाचतात आणि त्याच्या पानोपानीं जाहिराती असतात. एका नांवाच्या शंभर वर्षांच्या प्रवासांत पत्राला पैसा कोठून यावा या प्रश्नाचीं उत्तरें कशीं बदलत गेलीं, तें येथें दिसतें.

याच काळांत दुसरीं दोन उत्तरेंहि देऊन झालेलीं आहेत. महात्मा गांधींनीं 'यंग इंडिया' व 'नवजीवन' या पत्रांत जाहिराती घेण्याचें साफ नाकारलें. वाचकांस पत्र हवें असेल तर वर्गणी देऊन त्यांनींच तें जगवावें, हा त्यांचा आग्रह. त्याच्या अगदीं उलट टोकास किर्लोस्करवाडीचें उदाहरण आहे. तेथें १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देण्यासाठीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्रक सुरू केलें. लोखंडी नांगरांच्या निमित्तानें निघालेल्या या पत्रकांत वाचनीय मजकूर येऊं लागला, आणि त्यांतूनच 'किर्लोस्कर' हें महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोंचलेलें मासिक उभें राहिलें. वाचकानें पैसे द्यावे, जाहिरातदारानें द्यावे, किंवा माल विकणाऱ्यानेंच पत्र काढावें, असे हे तीन मार्ग. संकेतस्थळ काढणाऱ्यापुढें आजहि हेच तीन मार्ग आहेत. चौथा अद्याप कोणास सांपडलेला दिसत नाहीं.

आतां पडद्यावरील जाहिरातीकडे वळावें. इंटरनेटवरील जाहिरातपट्टीचा आरंभ 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं झाला असें मानतात. तेव्हांचा करार वर्तमानपत्रासारखाच असे. अमुक दिवस अमुक जागा, त्याचे अमुक डॉलर. १९९८ सालीं 'गोटू' नांवाच्या कंपनीनें शोधाच्या शब्दांचा लिलाव सुरू केला. जो व्यापारी त्या शब्दास अधिक दाम देईल त्याचें नांव वर, आणि कोणी त्यावर टिचकी मारली तरच पैसे द्यावयाचे, अशी ती रीत. ऑक्टोबर २००० मध्यें गूगलनें आपली 'अ‍ॅडवर्ड्स' ही योजना काढली, आणि जून २००३ मध्यें 'अ‍ॅडसेन्स'. या दुसऱ्या योजनेनें खरी क्रांति केली. तोंपर्यंत जाहिरात मिळवावयाची तर संकेतस्थळाच्या मालकानें व्यापाऱ्यांचे उंबरे झिजवावयाचे. आतां चार ओळींची सांकेतिक लिपि पानांत घातली कीं जाहिराती आपोआप येऊं लागल्या.

मराठीस या बाजारांत शिरावयास उशीर लागला. परदेशांत गेलेल्या मराठी मंडळींनीं 'मायबोली' हें संकेतस्थळ १९९६ सालींच सुरू केलें होतें. म्हणजे लिहिणारे आणि वाचणारे यांची वाण नव्हती. अडचण अक्षरांची होती. त्या वेळीं जो तो आपापल्या टंकांत मराठी लिही, आणि तो टंक ज्याच्या संगणकांत नसेल त्याला पडद्यावर निरर्थक चिन्हें दिसत. यंत्रालाहि तीं तशींच दिसत. पान कापसाविषयीं आहे कीं कीर्तनाविषयीं, हेंच यंत्रास कळेना, तर त्याला साजेशी जाहिरात तें कोठून आणणार? युनिकोड ही सर्व लिपींची समाईक व्यवस्था रुळली, तेव्हां हा गुंता सुटला. डिसेंबर २०१४ मध्यें अ‍ॅडसेन्सनें हिंदी पानें स्वीकारण्यास प्रारंभ केला, आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं मराठीचाहि त्यांत समावेश झाला. '.भारत' हें देवनागरी नामाभिधानहि २०१४ सालींच उपलब्ध झालें.

हा व्यवहार चालतो कसा, हें यवतमाळकरांस समजावून सांगणें कठीण नाहीं, कारण तो कापसाच्या बाजाराशीं पुष्कळ मिळताजुळता आहे. शेतकरी गाडी घेऊन बाजार समितीच्या आवारांत येतो, व्यापारी भोंवतीं जमतात, बोली लागते, आणि अडत्या मध्यें उभा राहून सौदा पुरा करतो. संकेतस्थळाच्या बाबतींत वाचकानें पान उघडणें म्हणजे गाडी आवारांत येणें. त्या क्षणीं पान कोणत्या विषयाचें आहे, वाचक कोणत्या प्रांतांतील आहे, त्यानें पूर्वीं काय काय पाहिलें, यावरून जाहिरातदारांच्या यंत्रांची बोली लागते. पान डोळ्यांपुढें पुरतें उमटण्याच्या आंत लिलाव संपतो आणि जिंकणाऱ्याची जाहिरात झळकते. येथील अडत्या म्हणजे गूगल किंवा तिच्यासारखी दुसरी कंपनी. फरक एवढाच, कीं बाजार समितींत शेतकरी बोली कानांनीं ऐकतो. येथें संकेतस्थळाच्या मालकास फक्त बेरीज दिसते.

वाटणीचें प्रमाण मात्र कंपनीनें जाहीर केलेलें आहे. पानावरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकीं सुमारें ६८ टक्के संकेतस्थळाच्या मालकाकडे जातात. पूर्वीं हिशेब मुख्यतः टिचक्यांवर होत असे. २०२४ च्या आरंभापासून तो जाहिरात किती वेळां दिसली यावर होतो. खात्यांत दहा डॉलर जमले म्हणजे पत्ता खरा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कंपनी टपालानें एक सांकेतिक अंक धाडते. पोस्टमननें आणून दिलेला तो अंक भरल्यावांचून पुढें पाऊल पडत नाहीं. सर्व कारभार यंत्राचा असूनहि एका जागीं अजून पोस्टमनच लागतो, ही गंमत खरी. शंभर डॉलर पुरे झाले म्हणजे पुढील महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम रवाना होते. तोंपर्यंत ती सांचत राहते. या उत्पन्नावर प्राप्तिकराचा कायदा इतर उत्पन्नाप्रमाणेंच लागू आहे.

शाळेंतल्या त्रैराशिकानें याचा अंदाज करतां येतो. केवळ गणितापुरतें असें धरावें, कीं एका संकेतस्थळाचीं पानें महिन्यांतून दहा हजार वेळां उघडलीं गेलीं आणि प्रत्येक पानावर दोन जाहिराती होत्या. म्हणजे वीस हजार दर्शनें झालीं. दर हजार दर्शनांस मालकाच्या वाट्यास अर्धा डॉलर आला असें मानलें, तर महिन्याची प्राप्ति दहा डॉलर. शंभराचा आंकडा गांठावयास दहा महिने लागले. यांतून संकेतस्थळाचें नांव राखण्याचा व जागेचा वार्षिक खर्च वजा करावयाचा. हाच मालक महिन्यास दोन लक्ष वेळां पानें उघडवूं शकला, तर त्याच दरानें दोनशें डॉलर होतील. परंतु दहा हजारांवरून दोन लक्षांवर जाण्याचा रस्ता वर्षानुवर्षांच्या नियमित लेखनाचा आहे. उपदेशकांच्या बोलण्यांत शेवटचा आंकडा असतो, रस्ता नसतो.

दरहि सर्वत्र सारखा नसतो. अमेरिकेंतील वाचकाच्या नजरेस व्यापारी जो दाम देतो, तो महाराष्ट्रांतील वाचकाच्या नजरेस देत नाहीं. कारण तेथील गिऱ्हाइकाची खरेदी मोठी. विमा, कर्ज, गुंतवणूक या विषयांच्या पानांस भाव चांगला. कविता, लोककथा, स्थानिक इतिहास यांस बेताचा. कोलामी बोलीवर अथवा कळंबच्या चिंतामणीच्या मंदिरावर कोणी अभ्यासपूर्ण पान लिहिलें, तर त्यास वाचक मिळतील, मान मिळेल, पण बोली फारशी लागणार नाहीं. येथेंच पहिला मोह उभा राहतो. ज्या विषयांतलें आपणांस कांहीं कळत नाहीं, पण ज्याला भाव आहे, त्यावर इकडचें तिकडचें उचलून लिहावें, मथळा भडक करावा, आंत कांहींच नसलें तरी चालेल, असें वाटूं लागतें.

दुसरा मोह याहून घातक. आपल्याच जाहिरातीवर आपण टिचकी मारावी, मित्रांस मारावयास सांगावें, किंवा पैसे देऊन खोटे वाचक आणवावे. या सर्वांस कंपनीची सक्त मनाई आहे. असा प्रकार यंत्राच्या ध्यानांत आला तर खातें बंद होतें, सांचलेली रक्कम अडविली जाते आणि ती जाहिरातदारांस परत केली जाते. कापसांत पाणी मारून वजन वाढविणाऱ्यास बाजारांत जी पत उरते, तीच येथें उरते.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न मालकाच्या लबाडीचा नसून त्याच्या प्रामाणिक पानावर येऊन बसणाऱ्या जाहिरातीचा आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत दाखल करावें लागलें. राज्य शासनास त्यासाठीं विशेष तपास पथक नेमावें लागलें. त्या दुःखांतून शिकून कोणी तरुणानें मराठींत एक पान लिहिलें, असें कल्पावें. तोंडास व नाकास फडकें बांधूनच भागत नाहीं, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनें फवारूं नये, निरनिराळीं औषधें मनानें एकत्र करूं नयेत, अंगावर द्रव सांडल्यास ताबडतोब साबणानें धुवावें, इतकें सगळें त्यानें सोप्या शब्दांत मांडलें. यंत्र त्या पानावर 'कपाशी', 'बोंडअळी', 'कीटकनाशक' हे शब्द वाचतें आणि त्यांच्या शेजारीं कीटकनाशकाचीच जाहिरात आणून ठेवूं शकतें. यंत्रास विषय कळतो. हेतु कळत नाहीं. खेड्यांतील वाचकास वरचा इशारा आणि खालची जाहिरात दोन्ही एकाच माणसानें सांगितल्यासारखीं वाटतात. 'त्याच पानावर होतें' एवढेंच त्याच्या लक्षांत राहतें.

यावर उपाय नाहीं असें नव्हे. अमुक वर्गाच्या किंवा अमुक जाहिरातदाराच्या जाहिराती आपल्या पानावर नकोत, असें मालकास खात्यांतून सांगतां येतें. तसें केल्यानें बोली लावणारे कमी होतात आणि उत्पन्न थोडें घटतें. तें घटूं द्यावें. कायद्याचेंहि पाठबळ आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, जाहिरातदारांनीं स्वतःस शिस्त लावण्यासाठीं १९८५ सालीं स्थापिलेली भारतीय जाहिरात मानक परिषद आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करणारें केंद्रीय प्राधिकरण आहे. पण कायदा तक्रारीनंतर येतो. पानाच्या मालकाची सदसद्विवेकबुद्धि त्याआधीं येऊं शकते.

अडत्याविषयींहि सावध राहिलें पाहिजे. विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि आवाराचा कारभार एकाच हातीं असला म्हणजे भाव निर्मळ राहील याची खात्री काय? भारतांतील वृत्तपत्रांच्या डिजिटल आवृत्त्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. १७ एप्रिल २०२५ रोजीं अमेरिकेंतील संघ न्यायालयानें निर्णय दिला, कीं इंटरनेटवरील जाहिरातींच्या बाजाराच्या दोन भागांत या कंपनीनें बेकायदेशीरपणें मक्तेदारी चालविली. आणखी एक बदल ऑगस्ट २०२४ पासून भारतांतहि दिसूं लागला आहे. कांहीं प्रश्नांस शोधयंत्र आतां स्वतःच कृत्रिम बुद्धीनें रचलेलें उत्तर वरच्या बाजूस देतें. वाचकास तेथेंच समाधान मिळालें, तर मूळ पान उघडावयास तो जाणार कशाला? आणि पान उघडलेंच नाहीं, तर लिलाव कशाचा? ज्या पानांत दुसरीकडे मिळणारीच माहिती गोळा केलेली असते, त्यांना हा फटका आधीं बसेल, हें उघड आहे.

मग यवतमाळच्या तरुणानें या वाटेस जाऊंच नये काय? असें म्हणणें भित्रेपणाचें होईल. इतकेंच, कीं जातांना क्रम नीट असावा. आधीं पोटाचा दुसरा आधार, त्यानंतर ज्या विषयांत आपला अधिकार आहे असा एक विषय, मग वाचक, आणि सर्वांत शेवटीं जाहिरात. या जिल्ह्यांत मराठींत न लिहिलेलें पुष्कळ आहे. कापसाची प्रत कशी ठरते, ओलाव्यामुळें भाव कां उतरतो, टिपेश्वरच्या अभयारण्यास भेट द्यावयाची तर काय पाहावें, मूर्तिजापूर–यवतमाळ ही 'शकुंतला' नांवाची अरुंद मापाची रेल्वे कशी चालत असे, हें ज्याला जवळून ठाऊक आहे त्याच्याशीं दूरच्या यंत्रास बरोबरी करतां येणार नाहीं. असें पान उभें राहिलें म्हणजे गांवांतील बियाणांचा दुकानदार, पुस्तकविक्रेता, खानावळवाला यांच्याकडून थेट जाहिरात घेतां येते. तेथें अडत नाहीं, दर उघड बोलून ठरतो, आणि जाहिरात कोणाची आहे हें मालकास अगोदर ठाऊक असतें. आवडीचे वाचक वर्षास कांहीं रक्कम स्वेच्छेनें देण्यासहि तयार होतात. तो तर वर्गणीचाच जुना मार्ग.

घरांतील वडील माणसांचेंहि या बाबतींत एक काम आहे. मुलगा किंवा मुलगी रात्रीं जागून पडद्यापुढें लिहीत बसली, तर तो रिकामटेकडेपणा समजूं नये, आणि पहिल्या शंभर डॉलरांचा निरोप आला म्हणून ती नोकरीच समजूं नये. 'महिन्यास किती मिळाले' असें विचारण्याआधीं 'कोणासाठीं लिहितोस आणि तुझ्या पानावर काय विकलें जातें' असें विचारावें. वाचक आपली नजर देतो ती उसनी देतो. लिहिणारा खरें सांगेल या भरंवशावर देतो. ही उसनवारी जो सचोटीनें फेडतो, त्याच्याकडे वाचक पुन्हां येतो, आणि पुन्हां येणारा वाचक हेंच या धंद्यांतलें खरें भांडवल. तें गमावून मिळविलेले डॉलर बँकेच्या पुस्तकांत जमेच्या बाजूस दिसले, तरी हिशेबानें ते तोट्याचेच होत.